एक दार उघडले, एक दार मिटले

१९८९ च्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा मतदान केले. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या आधीच्या पिढीला त्यासाठी एकवीस वर्षे पुरी होईपर्यंत थांबावे लागले होते. आमच्यावर मात्र सरकारची मर्जी झाली आणि बोटाला शाई दोन वर्षे आधी लागली. त्याच वर्षी, पावसाळ्यात, तालुक्याच्या गावातल्या आमच्या कॉलेजात मी वर्गप्रतिनिधीच्या, म्हणजे सी. आर.च्या निवडणुकीला उभा राहिलो आणि सहा मतांनी पडलो. त्या सहांपैकी तिघांनी मला आदल्या दिवशी कॅंटीनमध्ये चहा पाजला होता, हे अजून लक्षात आहे.

पंचवीसेक वर्षांनी माझी मुलगी कॉलेजात जाऊ लागली. बोलता बोलता ही गोष्ट तिला सांगितली, तर तिला पडण्याचे काही वाटले नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता. ‘सी. आर.ला मतदान कसलं, बाबा? ज्याला सगळ्यात जास्त मार्क तो सी. आर. असतो ना?’

या लेखाचा उगम त्या प्रश्नात आहे. माझ्या मुलीला अठराव्या वर्षी देशाचे सरकार निवडता येत होते, पण स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडता येत नव्हता. ही विसंगती आली कुठून? ती शोधताना माझ्या ध्यानात आले की, तरुणांनी राजकारणात यावे की येऊ नये, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. दर पिढीत तो नव्याने सुटल्यासारखा वाटतो आणि दर पिढीत नव्याने चिघळतो.

दहा रुपये दंड

सुरुवात पुण्यापासून करू. १९०५ च्या ऑक्टोबरात, वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्या पुढाऱ्यांत फर्ग्युसन कॉलेजचा एक विद्यार्थी होता, विनायक दामोदर सावरकर. कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी त्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. टिळकांनी ‘केसरी’तून या शिक्षेवर कडक टीका केली. रँग्लर परांजपे हे काही सरकारचे हुजरे नव्हते. विद्यार्थ्याने शिकावे, राजकारण नंतर करावे, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. एका बाजूला टिळक, दुसऱ्या बाजूला परांजपे, आणि मधे एक तरुण मुलगा. पुढच्या शंभर वर्षांतल्या सगळ्या वादांचे हे मूळ चित्र आहे.

त्याच ऑक्टोबरात बंगालमध्ये सरकारने कार्लाइल परिपत्रक काढले. विद्यार्थी राजकीय सभांना गेले, तर त्यांच्या शाळा-कॉलेजांचे अनुदान आणि सवलती बंद होतील, असा त्याचा आशय होता. शिक्षा विद्यार्थ्याला न करता संस्थेला करायची, म्हणजे संस्थाच विद्यार्थ्यावर पहारा ठेवते, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. उलटा परिणाम असा झाला की, बंगालमध्ये राष्ट्रीय शिक्षणाची चळवळच उभी राहिली.

पुढचा प्रवास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून धावता उल्लेख करतो. १९२८ मध्ये सायमन कमिशन मुंबईत उतरले, तेव्हा युसुफ मेहेरअलींच्या मागे मुंबईची तरुण मुले होती. १९३६ मध्ये लखनौला ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन स्थापन झाले. त्याचे उद्घाटन नेहरूंनी केले आणि अध्यक्षस्थानी जिना होते. आज हे वाक्य वाचताना दचकायला होते, पण विद्यार्थ्यांच्या व्यासपीठावर तेव्हा हे शक्य होते. १९४१ मध्ये एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि पुढच्याच वर्षी त्यातली कितीतरी मुले भूमिगत चळवळीत गेली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला गोळीबारात शिरीषकुमार पडला. तो शाळकरी वयाचा होता. स्वातंत्र्यासाठी मरायला वयाची अट नव्हती. स्वतंत्र देशात मत द्यायला मात्र घटनेने एकविसाची अट घातली.

मेसचे बिल आणि विधानसभा

स्वातंत्र्यानंतर नेत्यांची भाषा बदलली. काल ज्यांनी मुलांना कॉलेज सोडा म्हणून सांगितले होते, तेच आता मुलांनो, अभ्यास करा, राष्ट्र उभारा, म्हणू लागले. यात दांभिकपणाच होता असे नाही. परक्या सरकारला हलवायचे होते, आपले सरकार चालवायचे होते. पण विद्यार्थ्यांच्या संघटना तर राजकीय प्रवाहांनीच उभ्या केल्या. १९४९ मध्ये अखिल भारतीय विद्यार्थी परिषद, १९७० मध्ये एस. एफ. आय., १९७१ मध्ये एन. एस. यू. आय. म्हणजे ‘विद्यार्थ्यांनी राजकारण करू नये’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ ‘विद्यार्थ्यांनी दुसऱ्यांचे राजकारण करू नये’ असा होता.

डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचे बिल वाढले. मुलांनी दंगा केला. अन्नधान्य महाग झाले होते, घरोघरी तीच तक्रार होती, त्यामुळे मुलांची तक्रार शहराची झाली आणि शहराची राज्याची. ‘नवनिर्माण’ आंदोलन या नावाने ती ओळखली गेली. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला आणि मार्चमध्ये विधानसभा बरखास्त झाली.

गुजरातची ठिणगी बिहारमध्ये पडली, पण तिथली गोष्ट थोडी निराळी आहे. पाटणा विद्यापीठात त्याआधीच, १९७३ मध्ये, विद्यार्थी संघाच्या निवडणुका झाल्या होत्या. अध्यक्ष झाले लालूप्रसाद यादव, सरचिटणीस झाले सुशीलकुमार मोदी. दोघे वेगवेगळ्या विचारांच्या गोटातले, पण एका मतपेटीतून निघालेले. १८ मार्च १९७४ रोजी विद्यार्थ्यांनी पाटण्यात विधानसभेला घेराव घातला. पुढे त्यांनीच जयप्रकाशांना नेतृत्वाची गळ घातली आणि जयप्रकाशांनी अहिंसेची अट घालून ती मान्य केली. ५ जूनला गांधी मैदानावर ‘संपूर्ण क्रांती’ची हाक दिली गेली.

मला इथे महत्त्वाचे वाटते ते हे की, जयप्रकाशांकडे गेलेले तरुण नुसता जमाव नव्हते. ते निवडून आलेले होते. कुणाच्या वतीने बोलतो, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होते. रस्त्यावरचा राग आणि मतपेटीतली मान्यता यांची तिथे सांगड पडली होती. ‘नवनिर्माण’ सरकार पाडून ओसरले, बिहारची चळवळ मात्र देशाचे राजकारण बदलून गेली. याला इतर कारणे पुष्कळ आहेत, पण हेही एक आहे असे मी मानतो. तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, लालूप्रसाद एकोणतिसाव्या वर्षी लोकसभेत गेले.

महाराष्ट्राचा अनुभव

आपल्याकडे हे दशक कमी धामधुमीचे नव्हते. १९६७ मध्ये युवक क्रांती दल निघाले, १९७२ मध्ये दलित पँथर. पँथरचे संस्थापक नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे तेव्हा पंचविशीच्या ते तिशीच्या आसपासचे होते. मराठवाड्यात १९७४ मध्ये विकासाच्या मागण्यांसाठी विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन झाले. अंबाजोगाईच्या कॉलेज जीवनात प्रमोद महाजनांनी गोपीनाथ मुंडेंना विद्यार्थी परिषदेत आणले, तोही हाच काळ. पुढच्या तीस वर्षांच्या महाराष्ट्राची कितीतरी माणसे या भट्टीतून निघाली.

पण चित्र नुसते उजळ रंगात काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्या वातावरणाच्या उभारणीत नामांतरविरोधी विद्यार्थ्यांचा वाटा होता. नामांतराच्या बाजूनेही विद्यार्थीच लढत होते, तुरुंगात जात होते. प्रश्न १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्ताराने मिटला, तोवर सोळा वर्षे गेली होती. तरुण म्हणजे पुरोगामी, हे समीकरण मराठवाड्याने खोटे ठरवले. तरुण समाजाबाहेरून येत नाहीत. जातीचे जे घरात असते, तेच वसतिगृहात येते. राजकारणात तरुण आले की राजकारण आपोआप शुद्ध होईल, असे ज्यांना वाटते त्यांनी १९७८ ची वर्तमानपत्रे एकदा जरूर चाळावीत.

१९८९: दोन घटना

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मतदानाचे वय अठरावर आणणारे एकसष्टाव्या घटनादुरुस्तीचे विधेयक राजीव गांधींच्या सरकारने १९८८ च्या डिसेंबरात संसदेत मंजूर करून घेतले. राज्यांची मान्यता मिळून २८ मार्च १९८९ रोजी ते अमलात आले. काही राज्यांनी स्थानिक संस्थांसाठी आधीच अठराची अट स्वीकारली होती. आजचा तरुण साक्षर आहे, जाणता आहे, त्याला राजकीय प्रक्रियेत वाव मिळाला पाहिजे, असे कारण विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत दिलेले आहे. १९८४ च्या निवडणुकीत मतदार सुमारे ४० कोटी होते, १९८९ मध्ये ते ५० कोटींच्या घरात गेले. वाढलेल्या लोकसंख्येबरोबर आमच्यासारख्या अठरा ते एकवीसच्या मुलांचीही त्यात भर होती. ज्यांनी हा हक्क दिला त्यांचेच सरकार त्या निवडणुकीत गेले, ही गोष्ट निराळी.

त्याच १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. मारामाऱ्या, पळवापळवी, मतदानाच्या आदल्या दिवशी वर्गप्रतिनिधींना सहलीला नेऊन लपवून ठेवणे, हे प्रकार त्याआधीही होत होते. बाहेरच्या पक्षांचा पैसा येत होता. लहान गावांत तर जी. एस.ची निवडणूक ही तालुक्यातल्या दोन गटांची रंगीत तालीम असे. पण खुनाने पालकांचा धीर सुटला. एका आईबापाचा मुलगा गेला होता आणि तो वर्गाच्या राजकारणापायी गेला होता. तेव्हाच्या संतापाला नावे ठेवणे मला जमणार नाही.

त्यातून १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि कॉलेजातल्या थेट निवडणुका संपल्या. आधीच्या वार्षिक परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला विद्यार्थी त्या वर्गाचा प्रतिनिधी नेमायचा. त्याच्या जोडीला एन. सी. सी., एन. एस. एस., क्रीडा, सांस्कृतिक अशा विभागांतले विद्यार्थी आणि प्राचार्यांनी नेमलेल्या विद्यार्थिनी. या मंडळींनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. मतपत्रिका राहिली, पण ती मोजक्या नेमलेल्या हातांत.

हिंसा थांबली, हे खरे. पण काय गेले, याचा हिशेब कुणी मांडला नाही. पहिला नंबर मिळवणे हा मुलाचा स्वतःचा पराक्रम आहे. प्रतिनिधी होणे म्हणजे दुसऱ्यांनी दिलेला अधिकार. पहिल्याला वर्गाकडे जावे लागत नाही, वर्गाचे काही देणे लागत नाही आणि पुढच्या वर्षी हिशेबही द्यावा लागत नाही. वसतिगृहाच्या पाण्याची, एस. टी.च्या पासाची, शिष्यवृत्तीच्या रखडलेल्या हप्त्याची तक्रार ज्यांची असते, ते बहुधा पहिल्या नंबरात नसतात. बरे, त्या पहिल्या नंबराच्या मुलावरही हा अन्यायच होता. त्याला ग्रंथालयात बसायचे असे, आणि त्याच्या गळ्यात गॅदरिंगच्या मांडवाचे काम पडे.

याला आणखी एक संदर्भ आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यानंतर फी हा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचा मुख्य प्रश्न होत गेला आणि संस्थाचालक व राजकीय पुढारी ही पुष्कळदा एकच व्यक्ती होत गेली. आठशे मते घेऊन आलेला विद्यार्थी फीबद्दल विचारू लागला, तर त्याला ‘तू कोण?’ असे म्हणता येत नाही. नेमलेल्याला म्हणता येते. निवडणुका यासाठीच बंद केल्या, असे मी म्हणत नाही, त्याला पुरावा नाही. पण त्या पुन्हा सुरू करायची घाई कुणालाच का नव्हती, याचे एक उत्तर इथे सापडते.

लिंगडोह यांचा सल्ला

हा प्रश्न महाराष्ट्रापुरता नव्हता. केरळमधल्या एका खटल्याच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्र सरकारने माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली. तिचा अहवाल २००६ मध्ये आला आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरला न्यायालयाने तो लागू करण्याचा आदेश दिला. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील पोस्टर बंद, फक्त हाताने केलेली. उपस्थिती ७५ टक्के. पदवीच्या मुलांसाठी वय १७ ते २२. पदाधिकारी होण्याची संधी एकदाच. सगळी प्रक्रिया दहा दिवसांत पुरी. या अटींवर पुष्कळ टीका झाली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात या नियमांच्या वादापायी २००८ ते २०१२ निवडणुकाच थांबल्या होत्या.

पण मला त्या अहवालातली दोन कलमे फार मोलाची वाटतात. जिथे वातावरण निवडणुकीला अनुकूल नाही तिथे तात्पुरती नेमणूक चालेल, पण ती निव्वळ परीक्षेतल्या गुणवत्तेवर करू नये, असे समितीने सांगितले. आणि नेमणुकीची पद्धत चालवणाऱ्या संस्थांनी पाच वर्षांत निवडणुकीच्या पद्धतीकडे यावे, असेही सुचवले. महाराष्ट्र त्या वेळी बारा वर्षे नेमके तेच करत होता जे करू नका असे समिती सांगत होती, आणि पुढेही दहा वर्षे ते तसेच चालले.

अखेर २०१६ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायदा झाला. १ मार्च २०१७ पासून तो अमलात आला. त्याच्या कलम ९९ ने महाविद्यालयाचा अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक मागास प्रवर्गातला प्रतिनिधी सर्व विद्यार्थ्यांच्या थेट मतांनी निवडण्याची तरतूद केली, वर्गप्रतिनिधीही वर्गाने निवडायचा. राखीव जागांची ही व्यवस्था आमच्या काळात नव्हती, ती नक्कीच चांगली सुधारणा आहे. २०१९ मध्ये निवडणुका होणार म्हणून तयारीही सुरू झाली. पण त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक होती, म्हणून त्या पुढे ढकलल्या. मग कोरोना आला. २०२४ ची विधानसभा निवडणूकही होऊन गेली, तोवर कलम ९९ कागदावरच होते. मोठ्यांच्या निवडणुकीसाठी मुलांची निवडणूक थांबवली, यातच सगळे आले.

मग तरुण गेले कुठे?

निवडणूक आयोगाने २०२४ च्या लोकसभेसाठी जाहीर केलेल्या आकड्यांत एकूण मतदार ९६.८८ कोटी होते. त्यांतले १८-१९ वर्षांचे सुमारे १.८४ कोटी. या वयाच्या मुलामुलींच्या एकूण संख्येच्या हे निम्म्यानेही नाहीत. आता वर्षातून चार तारखांना नावनोंदणीची सोय आहे, सतरा पुरी झाली की आगाऊ अर्ज करता येतो, २०११ पासून दर २५ जानेवारीला मतदार दिनही साजरा होतो. सोयी वाढल्या तरी निम्मी मुले यादीबाहेर आहेत. मतदान हे सवयीने येते, आणि सवय लावण्याची पहिली जागा आपण मोडून टाकली, असे मला वाटते.

दुसऱ्या टोकाला संसद पाहा. पीआरएस या संस्थेच्या आकडेवारीनुसार पहिल्या लोकसभेत चाळिशीच्या आतले खासदार २६ टक्के होते, २०२४ च्या अठराव्या लोकसभेत ४० किंवा त्याहून कमी वयाचे ११ टक्के. सरासरी वय ५६ वर गेले आहे. देश तरुण असताना त्याची संसद म्हातारी होत गेली. आणि जे थोडे तरुण आहेत ते कोण? पॅट्रिक फ्रेंच या इंग्रज लेखकाने २००९ च्या लोकसभेचा हिशेब मांडला होता. तिशीच्या आतला प्रत्येक खासदार राजकीय घराण्यातला निघाला आणि चाळिशीपर्यंतच्या ६६ खासदारांत दोनतृतीयांशांहून अधिक. दार मिटले की घरात आधीपासून असलेल्यांनाच आत राहता येते. बाहेरच्या हुशार मुलाला मग एकच वाट उरते. कुणातरी ‘दादा’च्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत आपला फोटो लावून घ्यायचा.

एक वाट मात्र उघडी राहिली, ती गावात. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीला उभे राहण्याचे वय २१ ठेवले. विधानसभा-लोकसभेला ते २५ आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा आहेत. बावीस-तेवीस वर्षांची सरपंच आज गावात नवलाची राहिलेली नाही. कॉलेजने जे शिकवायचे सोडले, ते ग्रामसभा थोडेफार शिकवते आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेच्या एका स्थायी समितीने अहवाल दिला की, विधानसभा आणि लोकसभेला उभे राहण्याचे वय कमी करून अठरावर आणावे. निवडणूक आयोगाला ते मान्य नव्हते. इतक्या कोवळ्या वयात ही जबाबदारी पेलेल का, अशी शंका आयोगाला होती. समितीचे अध्यक्ष होते सुशीलकुमार मोदी. होय, १९७३ मध्ये पाटणा विद्यापीठ विद्यार्थी संघाचे सरचिटणीस झालेले तेच. त्या अहवालातली शिफारस वाचताना मला राहून राहून वाटले की, हा माणूस पन्नास वर्षांपूर्वीच्या एका मतपेटीला जागला.

त्यांची शिफारस मला स्वतःला थोडी घाईची वाटते. अठराव्या वर्षी खासदार होण्याआधी अठराव्या वर्षी पडून पाहिले पाहिजे. मत मागायला गेल्यावर समोरचा तोंडावर ‘नाही’ म्हणतो. कुणी हो म्हणून उलटे मत देतो. मोजणी संपल्यावर जिंकलेल्याशी हात मिळवून दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसावे लागते. हे पुस्तकात लिहून शिकवता येत नाही. सहा मतांनी पडल्यावर आठवडाभर मी त्या तिघांशी बोललो नाही. मग गॅदरिंगच्या वर्गणीवरून प्राचार्यांकडे जायची वेळ आली, तेव्हा निवडून आलेला सी. आर. मला बोलवायला आला. आम्ही सगळे मिळून गेलो. वर्गणी पाच रुपयांनी कमी झाली.